जेवल्यावर आबांना घेरी का यायची? आतड्यातली संप्रेरकं आणि आपोआप चालणाऱ्या नसा

कळंब्याची_लेक | रविवार, रात्री ९:१०

धागा मुद्दाम काढतेय. आमच्या घरात दीड वर्ष जे चाललं होतं, ते इथल्या बऱ्याच जणांच्या घरी चालू असेल आणि "वय झालं आता" म्हणून सोडून दिलेलं असेल.

आबा ७६ वर्षांचे. मधुमेह अठरा वर्षांपासून. रविवारी दुपारी मटणाचं जेवण झालं, हात धुवायला उठले, की बेसिनची कड घट्ट धरून उभे राहायचे. चेहरा पांढराफटक, डोळ्यांपुढं अंधारी, कपाळावर मात्र घामाचा थेंब नाही. दहा मिनिटं आडवं केलं की परत बोलायला लागायचे. आधी वाटलं साखर उतरली. मोजली तर १८०. मग हृदय तपासलं. ईसीजी, इको सगळं व्यवस्थित. एका दवाखान्यातून "जेवल्यावर जडपणा येतोच, वयोमान आहे" एवढंच ऐकून परत आलो. चौथ्या वेळी ते मोरीच्या उंबऱ्यावर पडले आणि मनगट मोडलं.

प्लास्टर घालायला गेलो तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "जेवायच्या आधी आणि जेवल्यानंतर बीपी वेगवेगळं मोजलंय का?" कुणीच मोजलं नव्हतं. घरी मशीन होतं, पण ते सकाळी उठल्यावरच कपाटातून बाहेर यायचं. त्या रविवारी ताटावर बसायच्या आधी १४८/८२ आलं. जेवण संपल्यावर पाऊण तासानं ११२/६४. वरचा आकडा जेवल्यापासून दोन तासांत २० किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याला जेवणानंतरचा रक्तदाब-उतार म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत, जुन्या मधुमेहात आणि पार्किन्सनमध्ये हा बराच आढळतो.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. संप्रेरकांचा धडा वेगळा, चेतासंस्थेचा वेगळा. "संप्रेरके रक्तातून जातात, परिणाम सावकाश, चेता संदेश विजेसारखा, परिणाम तत्काळ" असं दोन रकान्यांत लिहिलं की मुलांना पूर्ण गुण देते. आबांच्या पोटात घडत होतं ते या दोन रकान्यांच्या मधोमध. जेवण आतड्यात उतरलं की तिथून पेप्टाइड संप्रेरकं (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) सुटतात, पोटाकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवीही शरीरातलं जवळपास पाव रक्त पोटातल्या अवयवांकडे फिरत असतं; जेवल्यावर तो ओघ आणखी वाढतो. तुमच्या-माझ्यात अनुकंपी नसा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चेतातंतूंपैकी सिंपथेटिक नसा, लगेच हातापायांच्या वाहिन्या आवळतात, ठोके थोडे वाढवतात, आणि आपल्याला काही कळतही नाही. आबांच्या त्या नसा मधुमेहानं झिजल्यात. घाम न येणं हीसुद्धा त्याचीच खूण होती. मी रोज बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

गेला महिनाभर यावरच वाचतेय. संप्रेरकं आणि नसा एकमेकांशी कसं बोलतात यावर कुणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

---

जुना_राजवाडा | रविवार, रात्री ९:४८

ताई, आबांना आता बरं आहे ना? मनगट जुळलं का?

एक मूलभूत शंका. संप्रेरक म्हणजे ग्रंथीतून रक्तात जाणारं. मग तेच रसायन नसेच्या टोकाशी काय करतं? दोन्ही कामं एकाच रेणूकडे कशी?

---

कळंब्याची_लेक | रविवार, रात्री १०:३०

मनगट जुळलं, पकड अजून कच्ची आहे.

तुमच्या शंकेचं उत्तर इतिहासातच सापडतं. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेटोळा घेऊन त्याच्या सगळ्या नसा तोडल्या आणि आत आम्ल सोडलं. नसा नसतानाही स्वादुपिंडातून रस आलाच. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. तो नेणाऱ्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगनी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. तेव्हापासून रक्त एकीकडे आणि नसा दुसरीकडे अशी वाटणी मनात पक्की बसली.

ती डळमळायला १९३१ उजाडावं लागलं. फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात एकच पदार्थ मिळाला, सबस्टन्स पी. अकरा अमिनो आम्लांची ही साखळी आहे हे कळायला पुढची चाळीस वर्षं गेली. १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून व्हीआयपी नावाचं २८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड वेगळं केलं. नावातच 'इंटेस्टाइनल' आहे, सगळ्यांना ते आतड्याचं संप्रेरक वाटलं. पुढे बघतात तर ते नसांमध्ये भरलेलं! उलट न्यूरोपेप्टाइड वाय १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून मिळालं आणि नंतर रक्तवाहिन्यांभोवतीच्या सिंपथेटिक नसांमध्ये नॉरॲड्रिनलिन या त्यांच्या नेहमीच्या संदेशकाच्या जोडीला सापडलं.

रेणू तोच असतो. रक्तात सुटला तर संप्रेरक, नसेच्या टोकातून सुटला तर चेता-संदेशक. शिवाय रक्तातून आलेलं पेप्टाइडसुद्धा नसेवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून तिचं वागणं बदलू शकतं.

---

पन्हाळ्याचा_वारा | सोमवार, सकाळी ७:१५

मी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. बेडकावरचा एक प्रयोग आम्हाला शिकवला, तो इथं सांगितलाच पाहिजे.

बेडकाच्या कण्याशेजारी सिंपथेटिक नसांच्या गाठी असतात, गँग्लिया. तिथं एक चेतापेशी दुसरीला ॲसिटिलकोलीननं निरोप देते. तो झटका काही मिलिसेकंदांत येतो आणि विरतो. १९७९ मध्ये यू नुंग जॅन, लिली जॅन आणि स्टीफन कुफलर यांनी दाखवलं, की त्याच गाठीत आणखी एक संदेश असतो. तो सावकाश चढतो आणि कित्येक मिनिटं टिकतो. तो देणारं होतं एलएचआरएच या संप्रेरकासारखं पेप्टाइड. मूळचं एलएचआरएच म्हणजे दहा अमिनो आम्लांचं संप्रेरक, मेंदूतून निघून पियुषिकेला (पिट्यूटरी ग्रंथीला) प्रजननाचं काम लावणारं. तेच घराणं इथं नसांच्या गाठीत!

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा. हे पेप्टाइड ज्या पेशीशी जोडणी असते त्या एकाच पेशीपाशी थांबत नाही. नसेची जोडणी सी प्रकारच्या पेशींशी, आणि परिणाम शेजारच्या बी पेशींवरही दिसतो. म्हणजे ते झिरपत जातं. नसेतून सुटलेलं असूनही वागणूक संप्रेरकाची.

पेशीच्या आत काय होतं हेही कळलंय. चेतापेशीत पोटॅशियमची काही दारं असतात. ती उघडी असली की पेशीला उत्तेजित होणं अवघड जातं. १९८० मध्ये ब्राउन आणि ॲडम्स यांनी बेडकाच्या याच पेशींत हा प्रवाह मोजला, त्याला एम-करंट म्हणतात. पेप्टाइड आलं की ही दारं मिटतात. आधी ज्या धक्क्याला पेशी एकदाच उडायची, त्याच धक्क्याला आता लागोपाठ उडते.

---

गंगावेस_तालीम | सोमवार, दुपारी १:०५

सगळं कळलं असं न्हाई, पण भावानं लिहिलेलं हे शेवटचं डोक्यात बसलं. कुस्ती हौद्यात दोघंच खेळत्यात. वस्ताद कडंला हुबा असतोय, हात लावत न्हाई. पण त्यानं नुसतं "पट काढ" म्हटलं की पोरगं येगळंच खेळाय लागतंय. ॲसिटिलकोलीन म्हंजे पैलवानाची पकड आणि पेप्टाइड म्हंजे वस्ताद, बरोबर का?

आणि ताई, एक सांगा. आमी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितो. मोठा गिलास प्यालो की तासभर भूक हालत न्हाई. तेवढ्याच पाण्यानं असं हुईत न्हाई. ह्येच्यात पण ही संप्रेरकं हायती का?

---

पन्हाळ्याचा_वारा | सोमवार, दुपारी १:४०

वस्तादाचं उदाहरण मी परवा सेमिनारमध्ये वापरणार आहे, दादा. अगदी नेमकं आहे.

---

कळंब्याची_लेक | सोमवार, रात्री ९:२०

दादा, दुधाचं बरोबर हेरलंत. दुधातली चरबी आणि प्रथिनं जठरापुढच्या आतड्यात पोचली, की तिथल्या आय-पेशींतून कोलेसिस्टोकायनिन सुटतं, सोयीसाठी सीसीके. पित्ताशय पिळून पित्त काढणं हे त्याचं जुनं ओळखीचं काम. दुसरं काम नसांशी आहे. व्हेगस नर्व्ह मेंदूकडून पोटाला हुकूम नेते असं आपण शिकतो, पण तिचे साधारण ८० टक्के धागे उलटे, पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत. त्यांच्या टोकांवर सीसीकेचे ग्राही असतात. सीसीके चिकटलं की ते धागे जोरात संदेश पाठवतात, मेंदूच्या देठात तो पोचतो, आणि तिथून व्हेगसच्याच वाटेनं जठराला उत्तर येतं: सैल हो, माल हळूहळू पुढे सोड. दूध पोटात रेंगाळतं आणि भूक दबते.

१९७३ मध्ये उंदरांना सीसीके टोचल्यावर ते कमी खातात असं दिसलं. तोवर कुणीही म्हणू शकलं असतं की रक्तातून थेट मेंदूवर परिणाम झाला. १९८१ मध्ये जठराकडचे व्हेगसचे धागे तोडून तोच प्रयोग केला, आणि परिणाम गेला. बेलिस-स्टार्लिंगच्या अगदी उलट बघा. तिथं नसा तोडल्या तरी काम झालं, इथं संप्रेरक देऊनही नसांवाचून काम अडलं.

---

सागरमाळ | मंगळवार, सकाळी ६:५०

मी फिजिशियन आहे. धागा चांगला चालू आहे, दोन गोष्टी जोडतो.

पहिली लाळग्रंथीची. जबड्याखालच्या लाळग्रंथीला जाणारी परानुकंपी (पॅरासिंपथेटिक) नस चेतवली की लाळ सुटते आणि ग्रंथीकडचा रक्तपुरवठाही वाढतो. १८७२ मध्ये हायडेनहाइन यांनी ॲट्रोपिन देऊन बघितलं. लाळ थांबली, रक्तपुरवठा मात्र वाढतच राहिला. एकच नस, एकच औषध, मग अर्धंच काम कसं बंद पडलं? शंभर वर्षं हे कोडं होतं. उत्तर स्वीडनमध्ये मांजरांवरच्या कामातून आलं. त्या नसेच्या टोकांत ॲसिटिलकोलीनबरोबर व्हीआयपीसुद्धा असतं. ॲट्रोपिन पहिल्याला अडवतं, दुसऱ्याला नाही.

यातली खुबी वेगाची आहे. नस हळू उडत असेल तर मुख्यतः ॲसिटिलकोलीन सुटतं. भराभर उडायला लागली की पेप्टाइडच्या मोठ्या, गडद पिशव्या फुटतात. सिंपथेटिक नसांतही तसंच: न्यूरोपेप्टाइड वाय बाहेर पडतं ते ताण जास्त असतो तेव्हा. ते वाहिनी आवळतं, आणि नसेच्या टोकाला परत चिकटून "नॉरॲड्रिनलिन आता पुरे" असंही सांगतं. पेप्टाइड इतकं जपून वापरण्याचं कारण साधं आहे. ॲसिटिलकोलीन टोकापाशीच तयार होतं आणि नॉरॲड्रिनलिन परत आत खेचून वापरता येतं. पेप्टाइड मात्र पेशीच्या मुख्य शरीरातच बनतं आणि तिथून धाग्यातून वाहून आणावं लागतं, दिवसाला फार तर ४० सेंटीमीटर. कमरेजवळच्या गाठीतून पायाच्या बोटापर्यंत माल यायला दोन-तीन दिवस. एकदा उधळला की लगेच भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट आबांविषयी. इन्सुलिनही पेप्टाइड संप्रेरकच आहे, ५१ अमिनो आम्लांचं. ते एकाच वेळी दोन कामं करतं: रक्तवाहिन्या थोड्या सैल करतं आणि सिंपथेटिक नसांचा जोर वाढवतं. निरोगी माणसात दोन्ही पारडी समान राहतात. नसा झिजल्या की पहिलंच काम उरतं. म्हणून अशा रुग्णांत साखर न उतरताही इन्सुलिननं बीपी पडू शकतं. ताई, आबा जेवणाआधी इन्सुलिन घेत असतील तर ही नोंद त्यांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. आणि बीपीची गोळी दुपारच्या जेवणाच्या तोंडावर आहे का, तेही विचारा. वेळ मनानं बदलू नका.

---

कळंब्याची_लेक | मंगळवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, गोळी बरोबर साडेबाराला होती आणि जेवण एकला. आजच फोन करते.

---

चटणीवाल्या_काकू | मंगळवार, दुपारी ३:३०

मी शास्त्र शिकलेली नाही, पण तीस वर्षं उन्हाळ्यात चटणी करून विकते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांचे देठ काढून वाळवायच्या, भाजायच्या, आणि कांडपाला न्यायच्या. कांडपाच्या दारात पाऊल टाकलं की डोळे-नाक वाहायला लागतं, मान आणि गाल लाल होतात. हात धुतले, तेल लावलं तरी बोटांची आग रात्रीपर्यंत. मुलगी म्हणते हेही पेप्टाइडचंच काम. खरं का?

---

पन्हाळ्याचा_वारा | मंगळवार, रात्री ८:१०

अगदी खरं, काकू. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदना नेणाऱ्या बारीक नसांच्या टोकावरच्या ग्राहीला चिकटतं. हा ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं शोधला, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. टोक चेतवलं की निरोप मेंदूकडे तर जातोच, पण त्याच टोकातून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही पेप्टाइडं तिथल्या तिथं कातडीत सुटतात. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली. नाक-डोळ्यांतलं पाणी मेंदूमार्गे परत येतं, परानुकंपी नसांतून. म्हणजे एका श्वासात तुम्ही दोन्ही वाटा चालू करता.

आणि गंमत बघा, प्रयोगशाळेत हेच कॅप्सेसिन मोठ्या मात्रेत देऊन उंदरांच्या त्या बारीक नसा निकामी करतात. तसं केलं की ताईंनी सांगितलेलं सीसीके भूक फारशी दाबू शकत नाही.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | बुधवार, सकाळी १०:२०

माझा अनुभव इथं बसेल असं वाटतं. बीपीसाठी 'प्रिल'नं संपणारी गोळी चालू केली आणि महिन्यात कोरडा खोकला सुरू झाला. रात्री झोप नाही, घशात सतत केस अडकल्यासारखं. तीन महिने सिरप, वाफ, छातीचा एक्सरे. जिथं जात होतो तिथं गोळीची यादी कुणी बघितलीच नाही. शेवटी नात्यातल्या एका नर्सनं ओळखलं. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. यामागेही पेप्टाइडच का?

---

सागरमाळ | बुधवार, रात्री ९:५५

होय. ही गोळी एसीई नावाचं एन्झाइम अडवते. ते एन्झाइम अँजिओटेन्सिन दोन बनवतं, आठ अमिनो आम्लांचं संप्रेरक. ते वाहिन्या स्वतः आवळतंच, शिवाय सिंपथेटिक नसांच्या टोकांवर बसून तिथून नॉरॲड्रिनलिन जास्त सोडवतं. मेंदूत काही जागा अशा आहेत, जिथं रक्त आणि मेंदूमधली नेहमीची भिंत नसते. तिथं शिरून ते सिंपथेटिक नसांचा एकूण जोरही वाढवतं. म्हणजे ही गोळी घेताना आपण संप्रेरक आणि नस यांच्यातला संवादच मंद करत असतो.

पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन आणि सबस्टन्स पी मोडण्याचंही काम करतं. ते बंद झालं की ही दोन्ही श्वासनलिकेत साठतात, तिथले व्हेगसचे संवेदी धागे हुळहुळे होतात, आणि खोकला. सिरपनं जाणार नाहीच. 'सार्टान'नं संपणाऱ्या गोळ्या एन्झाइमला हात न लावता पुढचा ग्राही अडवतात, म्हणून त्यांनी सहसा खोकला येत नाही.

या औषधांचा उगम ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात आहे, आपल्या घोणसाच्याच कुळातला तो. त्या विषातल्या पेप्टाइडांवरून रचलेलं कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये बाजारात आलं.

---

जुना_राजवाडा | गुरुवार, दुपारी १२:१५

आठवड्यातून एकदा घ्यायच्या साखरेच्या नव्या सुया याच गटातल्या ना? आणि आमच्या ग्रुपवर रोज "मानेवर बर्फ ठेवा, व्हेगस जागी होईल, बीपी-शुगर दोन्ही बरी" असं येतं. आबांसारख्यांनी करावं का?

---

सागरमाळ | गुरुवार, रात्री १०:३०

त्या सुया जीएलपी-१ च्या धर्तीवर आहेत. आतड्यातून सुटणारं मूळचं जीएलपी-१ दीड-दोन मिनिटांत मोडतं. रक्तातून लांब जाण्याआधीच बरंचसं संपतं, म्हणून आतड्याच्या भिंतीतल्या व्हेगसच्या टोकांशी त्याचं बोलणं महत्त्वाचं. औषधातला सेमाग्लुटाइड मात्र आठवड्याला निम्माच होतो. जठर सावकाश रिकामं होतं, नाडी थोडी वाढते. ही सुई चालू असताना ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगाच, कारण उपाशी असूनही जठरात अन्न असू शकतं.

बर्फाचं करू नका. ज्यांच्या आपोआप चालणाऱ्या नसा आधीच झिजल्यात त्यांच्यावर असले प्रयोग नकोत, विशेषतः एकटं असताना, उभ्यानं.

---

कळंब्याची_लेक | रविवार, दुपारी ३:०५ (चार आठवड्यांनंतर)

कळवायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी बीपीची गोळी रात्री नेली. दुपारचं एक मोठं ताट मोडून बारा आणि तीन अशी दोन लहान जेवणं केली, भात आणि गोड एका वेळी कमी. ताटावर बसण्याआधी दोन पेले पाणी. (आबांचं हृदय आणि किडनी ठीक आहे म्हणून हे चाललं, ज्यांना पाणी मोजून सांगितलंय त्यांनी विचारूनच करा.) जेवल्यावर अर्धा-पाऊण तास खुर्चीतच, हात धुवायला तांब्या-तसराळं जागेवर. एवढ्यानं भागलं नसतं तर ऑक्ट्रिओटाइडची सुई हा मार्ग होता. आतड्यातली संप्रेरकं दाबणारं सोमॅटोस्टॅटिन नावाचं पेप्टाइड आहे, त्याची ती कृत्रिम आवृत्ती. आम्हाला गरज पडली नाही.

आज पांढरा रस्सा वाटीभर, तांबडा दोन चमचे, एक भाकरी, भात मुठीएवढा. जेवणाआधी १४४/८०. पाऊण तासानं १३०/७४. आकडा मी वहीत लिहीपर्यंत आबा उठून अंगणात गेले होते, बेसिनला हात न लावता. तीन वाजता उरलेल्या अर्ध्या भाकरीची आठवण त्यांनीच करून दिली.